थायलंडची अयोध्या : दीड दिवसाचा बेत

सुगी उरकते, धान्य घरात येते, रब्बीची पेरणी उगवून वर येते आणि मग एखाद्या संध्याकाळी ओसरीवर विषय निघतो, “यंदा कुठेतरी जाऊन येऊ या.” पूर्वी हा विषय पंढरपूर, तुळजापूर आणि फार तर काशी-रामेश्वर इथवर जाऊन थांबायचा. आता तसे राहिलेले नाही. द्राक्षाचे दोन हंगाम चांगले गेले, मुलगा नोकरीला लागला, की आईवडिलांना एकदा विमानात बसवून आणावे अशी हौस घरोघर दिसते. परदेश म्हटला की अनेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते बँकॉकचे. मुंबईहून चार-साडेचार तासांचा विमानप्रवास, आणि खर्चही लांबच्या देशांच्या मानाने आटोक्यातला.

तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर अयुत्थया नावाचे जुने राजधानीचे शहर आहे. नाव ओळखीचे वाटले ना? वाटायलाच हवे. ते आपल्या अयोध्येवरूनच पडले आहे. बँकॉकच्या मुक्कामातला दीड दिवस या गावासाठी जरूर बाजूला काढा. मात्र तो कसा घालवायचा हे घरूनच ठरवून निघा. आम्ही ठरवले नव्हते, आणि ते आम्हाला महागात पडले.

आमचे काय चुकले

आम्ही चौघे गेलो होतो. मी, आमची मंडळी, थोरले बंधू आणि वहिनी. बंधूंचा सारा जन्म भाताच्या खाचरात गेला. या प्रवासासाठी त्यांनी दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. बँकॉकमध्ये एका सहलवाल्याने सांगितले, “एका दिवसात आठ देवळे दाखवतो, जेवणही आमच्याकडेच.” आठाचा आकडा ऐकून आम्ही भुललो. सकाळी नऊला गाडी निघाली, अकराच्या सुमाराला पोचली आणि भर उन्हात आमची वरात सुरू झाली. उतरा, फोटो काढा, चढा. तिसऱ्या ठिकाणी वहिनींना भोवळ आली. एका पडक्या भिंतीच्या सावलीला त्यांना बसवले, तोंडावर पाणी मारले. सहलवाला आपला घड्याळ दाखवत उभा.

रात्री मुक्कामावर परतल्यावर मी विचारले, “दादा, कसं वाटलं?”

बंधू म्हणाले, “अरे, आपण देवळं पाहिली कुठं? मोजली.”

त्यांचे ते बोलणे मला लागून राहिले. दोन वर्षांची पुंजी, आणि हाती काय तर आठाचा आकडा! परतीच्या विमानाला अजून चार दिवस होते. एक दिवस वहिनींना विश्रांती दिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा अयुत्थयेची वाट धरली. या वेळी आगगाडीने गेलो, आणि एक रात्र तिथेच राहिलो. पुढे जे सांगतो ते या दुसऱ्या खेपेत शिकलेले आहे. तुम्हाला ते पहिल्याच खेपेला उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

हे गाव आहे तरी कोणते?

अगोदर थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथे पडक्या विटांशिवाय काही दिसत नाही.

चौदाव्या शतकाच्या मध्याला, १३५१ च्या सुमारास, ऊ थोंग नावाच्या राजाने इथे राजधानी वसवली. त्याने पदवी घेतली रामाधिपती. जागा मोठी मोक्याची निवडली. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून चाओ फ्राया नदी, उत्तरेकडून लोपबुरी, पूर्वेकडून पा सक. या तीन नद्यांच्या वळणांना कालवा खणून जोडले आणि शहराभोवती पाण्याचा खंदक पुरा केला. आजही जुने शहर बेटावरच आहे.

चारशेहून अधिक वर्षे हे शहर नांदले. भोवतालच्या काळ्या गाळाच्या मैदानात भात मुबलक, आणि नदीने थेट समुद्रापर्यंत जहाजांची ये-जा. चिनी, जपानी, इराणी, डच, फ्रेंच असे सगळे व्यापारी इथे येऊन राहिले. पोर्तुगीजांचा गोव्याशी आणि इथला संबंध तर एकाच माणसाने जोडलेला. १५१० साली गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने दुसऱ्याच वर्षी मलाक्का जिंकले, आणि तिथूनच आपला वकील अयुत्थयेच्या दरबारी धाडला. रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा इथे नाराय नावाचा राजा गादीवर होता. नाराय म्हणजे आपला नारायण. त्याचे वकील पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारापर्यंत जाऊन आले.

आणि मग हे शहर बुडाले. पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी, ७ एप्रिल १७६७ रोजी, ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) सैन्याने ते जिंकून जाळले. कसे जिंकले, ते शेतकऱ्याने लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे.

या शहराचा खरा तट होता तो पुराचा. पावसाळ्याच्या अखेरीस भोवतालचे सारे मैदान पाण्याखाली जाई. वेढा घालून बसलेल्या शत्रूला छावणी गुंडाळून परत फिरावे लागे. शहरातल्या लोकांचा या पाण्यावर भरवसा होता. पण १७६६ च्या पावसाळ्यात ब्रह्मी सैन्य हटलेच नाही. त्यांनी उंचवटे धरले, होड्या जमवल्या आणि पाणी ओसरेपर्यंत तग धरला. ज्या पाण्यावर शहराने पिढ्यान् पिढ्या विसंबून राहावे, त्याने त्या वर्षी साथ दिली नाही. पुढे १७८२ साली बँकॉकला नवी राजधानी वसली, तेव्हा तिथल्या तटासाठी इथल्याच पडक्या भिंतींच्या विटा नावांतून वाहून नेल्या. आपल्याकडे पडक्या वाड्याचे दगड नव्या घराच्या जोत्याला जातात, तसेच हे. १९९१ साली या अवशेषांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

केव्हा जावे?

दिवाळीनंतर ते माघापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा त्यातल्या त्यात कोरडी आणि सोसवेल अशी असते, आणि आपल्याकडेही खरिपाची कामे उरकलेली असतात. मार्च ते मे तिथे कडक उन्हाळा. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळाच. त्या दिवसांत नद्या फुगतात. २०११ साली तर असा पूर आला की देवळांचे अवशेष, घरे, शेते आणि कारखान्यांच्या वसाहती आठवडेच्या आठवडे पाण्यात होत्या.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जाणे जमले तर सोन्याहून पिवळे. त्या रात्री आपल्याकडे त्रिपुर पाजळतात, तिकडे लोक केळीच्या सोपटाचे तराफे करून त्यात दिवा, उदबत्ती, फुले ठेवून नदीत सोडतात. या सणाला ते लॉय क्राथोंग म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर त्यांचे नवे वर्ष, सोंगक्रान. हा शब्द आपल्या संक्रांतीचाच भाऊ. पण त्या वेळी ऊनही फार आणि रस्तोरस्ती पाण्याची उधळणही फार. म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते दिवस नकोत.

निघण्यापूर्वी

पासपोर्टाचे काम तीन महिने आधी हातात घ्या. खेड्यातल्या माणसाच्या कागदांवर नावाचा काना-मात्रा एकेका ठिकाणी वेगळा असतो. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे. ते आधी सारखे करून घ्या. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतरही सहा महिने शिल्लक असावी.

व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी थाई वकिलातीच्या अधिकृत ठिकाणी ताजा नियम पाहून घ्या; शेजारी गेल्या वर्षी कसा गेला यावर विसंबू नका. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याने आगमनाचा फॉर्म संगणकावर किंवा मोबाइलवर भरावा लागतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो भरायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोणी पैसे मागितले तर तो अधिकृत माणूस नाही, असे समजा. नातवंडांपैकी कोणाला तरी हे काम सांगा. पाच-दहा मिनिटांचे आहे.

पैशाचे तीन वाटे करा. पहिला जाण्यायेण्याचा, दुसरा राहण्याखाण्याचा, आणि तिसरा अडीअडचणीचा. या तिसऱ्याला खरेदीसाठी हात लावायचा नाही. तिथले नाणे बात. एका बाताला साधारण अडीच ते तीन रुपये पडतात. भाव रोज हलतो, म्हणून बदलताना त्या दिवशीचा विचारा. म्हाताऱ्या माणसांचा प्रवास विमा उतरवा, त्यांच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. आणि हो, उसाच्या बिलाच्या भरवशावर उसनवारी करून कोणी जाऊ नये. एक वर्ष थांबलात तर गाव कुठे पळून जात नाही.

घरची सोयही आधीच लावा. गुरांना वैरण-पाणी कोण करणार, विजेची पाळी रात्रीची असेल तर मोटर कोण चालू करणार, हे नक्की करून निघालात तर तिथे मन लागते. नाहीतर अर्धा जीव गोठ्यात.

आगगाडीनेच जा

बँकॉकहून अयुत्थयेला मोटारी जातात, बसगाड्या जातात, पण तुम्ही आगगाडीने जा. हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकातून साध्या गाड्या सुटतात. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून बांग सू भागातल्या नव्या मोठ्या स्थानकातून निघतात. तुमचे विमान डॉन मुआंग विमानतळावर उतरणार असेल तर आणखीच सोपे. विमानतळासमोरच आगगाडीचे ठाणे आहे, बँकॉक शहरात न शिरताही थेट जाता येते. हुआ लाम्फोंगहून दीड ते दोन तास लागतात आणि साध्या गाडीचे तिसऱ्या वर्गाचे भाडे अगदी थोडे, चहापाण्याच्या खर्चाएवढे.

पैसे वाचतात म्हणून मी हे सांगत नाही. शहर मागे पडले की खिडकीबाहेर भाताचे मैदान सुरू होते. डोंगर नाही, टेकाड नाही, नजर पोचेल तिथवर सपाटी. आमचे बंधू खिडकीला चिकटून बसले ते उठेनात. मध्येच म्हणाले, “घरं बघ, सगळी खांबावर उभी आहेत.” जुनी थाई घरे लाकडी खांबांवर उंच बांधलेली असतात. पुराचे पाणी खालून निघून जावे, आणि एरवी त्या सावलीत औतेफाटे, माग, गुरे असावीत, हा हिशेब. पहिल्या खेपेला गार काचबंद गाडीतून जाताना हे आमच्यापैकी कोणाच्याच नजरेत भरले नव्हते.

अयुत्थयेचे स्थानक पा सक नदीच्या पूर्व काठाला आहे. समोरच्या गल्लीने सरळ चालत गेलात की धक्का लागतो. तिथून लहान नावेने पलीकडे गेले की बेटावर पोचलात. बेटाच्या कडेने फिरणारा ऊ थोंग रस्ता सुमारे १२ किलोमीटरचा आहे, म्हणजे गाव आटोपशीरच. तरुण मंडळी भाड्याच्या सायकलीवर फिरतात. गुडघे कुरकुरत असतील तर टुकटुक, म्हणजे त्यांची रिक्षा, तासावर ठरवा. बसण्याआधी भाव कागदावर लिहून दाखवायला सांगा. आकडा दोघांनाही कळतो, भाषा आली नाही तरी चालते.

पहिला दिवस : दुपारी सावलीत, संध्याकाळी नदीवर

सकाळच्या गाडीने दहा-अकराला पोचा. सामान मुक्कामावर टाका, जेवा, आणि उन्हाचा वेळ चाओ साम फ्राया संग्रहालयात काढा. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते विचारूनच दिवस ठरवा. हे संग्रहालय आधी का पाहायचे, त्यामागे एक गोष्ट आहे.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला एका राजाच्या दोन थोरल्या मुलांनी गादीसाठी हत्तीवर बसून झुंज घेतली. दोघेही मेले. धाकटा तिसरा भाऊ, चाओ साम फ्राया, आपसूक राजा झाला. भावांना जिथे अग्नी दिला तिथे त्याने १४२४ साली एक देऊळ बांधले आणि त्याच्या पोटात, तळघरात, सोन्याचा ठेवा पुरला. पाचशेहून अधिक वर्षे तो कोणाच्या हाती लागला नाही. १९५७ साली चोरांनी तळघर फोडले आणि बरेच सोने पळवले. उरलेले सरकारी पुरातत्त्व खात्याने बाहेर काढले, आणि ते ठेवण्यासाठी १९६१ साली हे संग्रहालय उघडले. तलवारीची सोन्याची मूठ, रत्नजडित सोन्याचा हत्ती, सगळे इथे आहे. वहिनी त्या हत्तीपुढून हलेनात. म्हणाल्या, “भावजी, भावाभावांच्या भांडणाचं सोनं हे. ज्यांच्यासाठी पुरलं ते उपभोगायला नव्हतेच.” बांधावरून कोर्टात गेलेली घरे आपल्याही गावात आहेतच की.

चारच्या सुमाराला नदीवर या. लांब शेपटीच्या इंजिनाच्या नावा तासा-दोन तासांत बेटाला फेरी घालून आणतात. मुक्कामाच्या ठिकाणी सांगितले तर ते जागा ठरवून देतात. वाटेत बहुधा वाट फनान चोएंग लागते. ‘वाट’ म्हणजे आपली चालायची वाट नव्हे, तर देऊळ आणि विहार. तिथली बसलेली बुद्धमूर्ती १९ मीटर उंच आहे, आणि ती राजधानी वसण्याच्याही आधीची, १३२४ सालची मानतात. नावाड्याला एवढे बजावा की ऊन उतरताना वाट चायवत्थनारामला पोचव.

वाट चायवत्थनाराम नदीच्या पश्चिम काठाला आहे. नावाची फोड करून पाहा, जय-वर्धन-आराम. प्रासात थोंग नावाच्या राजाने ते १६३० साली बांधायला घेतले. मधले शिखर ३५ मीटरचे, भोवती लहान शिखरे, जणू मध्यभागी मेरू पर्वत. ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती, आणि बहुतेकींना शिर नाही. काही शिरे लढाईत गेली, काही पुढच्या काळात चोरट्यांनी विकण्यासाठी कापून नेली. २०११ च्या पुरात हे सारे आवार पाण्यात होते. आता पाणी चढू लागले की काठाने पुराची आडभिंत उभी करतात.

तिथे आम्ही तासभर नुसते बसलो. कोणी घड्याळ दाखवायला नव्हते. सूर्य खाली गेला तशा विटा तांबूस झाल्या. बंधू बराच वेळ नदीकडे पाहत होते. मग म्हणाले, “हिनंच पोसलं, हिनंच राखलं, आणि दर चार वर्षांनी घरात शिरतेही हीच.” आमच्या गावच्या ओढ्याने ज्यांची खाचरे दोनदा धुऊन नेली, त्या माणसाचे ते बोलणे होते.

दुसरा दिवस : उन्हाच्या आधी

सकाळी आठला अवशेषांची दारे उघडतात. आठलाच दारात उभे राहा. परदेशी पाहुण्यांना तिकिटाचा दर स्थानिकांपेक्षा जास्त असतो. अनेक ठिकाणचे मिळून एक तिकीट मिळते, ते घेतल्यास फायदा होतो का ते तिथेच हिशेब करून बघा.

पहिले वाट महाथात. महाथात म्हणजे महाधातू, बुद्धाच्या अस्थी ठेवण्याची जागा. १३७४ साली त्याची उभारणी सुरू झाली. वड-पिंपळाच्या कुळातल्या एका झाडाने आपल्या मुळ्यांत दगडी बुद्धमुख धरून ठेवले आहे, ते इथेच. फोटो काढायचा तर खाली बसून काढा. आपले डोके बुद्धाच्या मस्तकाहून वर असू नये असा तिथला दंडक आहे. दहाच्या पुढे इथे गर्दी होते. आठला आम्ही आणि झाडावरची पाखरे, एवढेच होतो.

रस्त्यापलीकडे वाट राचाबुराना, म्हणजे त्या दोन भावांच्या स्मृतीचे देऊळ. आदल्या दिवशी सोने पाहिलेले असते, म्हणून इथे आल्यावर अंगावर काटा येतो. तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या फार उभ्या आणि अरुंद आहेत. गुडघे धड नसतील त्यांनी खालीच सावलीत बसावे. त्यात कमीपणा नाही.

तिसरे वाट फ्रा सी सानफेत. सानफेत म्हणजे सर्वज्ञ. राजवाड्याच्या आवारातले हे देऊळ, आणि तिथे तीन घंटाकार स्तूप एका ओळीत उभे आहेत. तीन राजांच्या अस्थींवर ते बांधले आहेत. स्तूपाला ते चेदी म्हणतात, म्हणजे आपले कार्ल्याचे चैत्य ते हेच. इथे सोळा मीटर उंचीची, सोन्याने मढवलेली उभी बुद्धमूर्ती होती. १७६७ साली सोने वितळवून नेले.

त्याला लागूनच विहान फ्रा मोंगखोन बोफित. विहान म्हणजे विहार, मोंगखोन म्हणजे मंगल. आतली काशाची प्रचंड मूर्ती शहर जळाले तेव्हा उघड्यावर पडली आणि दीड शतकाहून अधिक काळ तशीच ऊनपावसात होती. १९५० च्या दशकात तिच्यावर पुन्हा छप्पर चढले, आणि त्या कामाला ब्रह्मदेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी दोन लाख बातांची देणगी दिली. ज्यांच्या सैन्याने छप्पर जाळले, त्यांच्याच देशाने ते बांधायला हातभार लावला. हे ऐकून मग आत जाऊन हात जोडा. जोडावेसे वाटतात.

एवढे होईतो साडेदहा-अकरा वाजतात. थांबा. जेवा, दुपारच्या गाडीने बँकॉकला परता. अजून वीस ठिकाणे आहेत, पण ती राहू द्या.

खाणे आणि रीतभात

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा, ‘जे’. पिवळ्या पताकेवर हा शब्द लिहिलेल्या दुकानात मांस-मासळीच नव्हे, तर अंडे आणि कांदा-लसूणही नसतो. इतरत्र भाजीतही माशाचा रस घालतात, म्हणून विचारूनच घ्या. दशम्या, चटणी, चिवडा बरोबर असू द्या. गोड म्हणून ‘रोती साय माय’ खाऊन पाहा. पातळ पोळीत साखरेचे रेशमी धागे गुंडाळून देतात. आपल्या जत्रेतले म्हातारीचे केस पोळीत घालून खावेत, तसा प्रकार.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; आपली नऊवारी, धोतर, सदरा तिथे शोभून दिसतो. पूजेच्या ठिकाणी पादत्राणे बाहेर. बुद्धाकडे पाय करून बसू नये. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. बिनशिराच्या मूर्तीमागे आपले डोके ठेवून फोटो काढणे ही थट्टा तिथल्या लोकांच्या जिवाला लागते. कोणी ‘जुनी’ मूर्ती विकायला आणली तर घेऊ नका. परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. भेटल्यावर हात जोडून ‘सवात-दी’ म्हणा. हा शब्द ‘स्वस्ति’वरून आलेला आहे. शेवटी पुरुषांनी ‘क्राप’ आणि बायकांनी ‘खा’ जोडावे.

शेतकऱ्याने विचारावे असे एक

या मुलखात पुराबरोबर वाढणारे भात पिढ्यान् पिढ्या पिकत आले आहे. पाणी चढेल तसा त्याचा दांडा लांबतो. पूर जोरात चढला तर एका दिवसात २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि शेंडा पाण्याबाहेर राखतो. पाणी ओसरले की दांडे आडवे पडतात, पण टोके गुडघा वाकवावा तशी पुन्हा वर उठतात आणि लोंब्या चिखलापासून वाचतात. २००९ साली जपानी शास्त्रज्ञांनी या गुणामागची दोन जनुके शोधून काढली. चाईनातचा बंधारा १९५७ साली झाला, कालव्याचे पाणी आले, आणि ठेंगण्या, लवकर निसवणाऱ्या जातींनी बरीच जागा घेतली. तरी हे भात अजून पुरते गेलेले नाही. वाटेत कोणी म्हातारा शेतकरी भेटला तर हाताने खूण करून विचारा. बंधूंनी विचारले होते. त्या गृहस्थाने आपल्या डोक्याच्या वर हात नेऊन भाताची उंची दाखवली, आणि दोघेही हसत सुटले. भाषा एकालाही येत नव्हती.

गावी परतल्यावर आळीतल्या बायकांनी वहिनींना विचारले, “किती देवळं पाहिलीत हो?” पहिल्या दिवशीची आठ त्यांनी मोजलीच नाहीत. म्हणाल्या, “पाच. बसा, एकेक सांगते.”

आणि खरोखरच, दिवेलागणीपर्यंत त्या सांगत होत्या.